मेट्रॉन म्हणजे माप

आमच्या ह्यांचा ठाम विश्वास आहे की इंग्रजी शब्द कितीही अगडबंब असला, तरी तो मधोमध फोडला की आत ग्रीक माणसं निवांत बसलेली सापडतात. इंदूरच्या भंवरकुआं भागात एका कोचिंगमध्ये ते कित्येक वर्षांपासून स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवतात, आणि मापाचे शब्द हा त्यांचा हुकमी एक्का. फळ्यावर एका बाजूला ‘मेट्रॉन म्हणजे माप’ लिहायचं आणि मग एकेक शब्द आणून त्याला बांधायचा. थर्मॉस म्हणजे उष्ण, म्हणून थर्मामीटर. बॅरोस म्हणजे वजन, हवेचं वजन सांगणारा तो बॅरोमीटर. होडोस म्हणजे वाट, म्हणून स्कूटर किती धावली ते सांगणारा ओडोमीटर. मुलं खूश होतात, कारण एक मूळ पाठ केलं की परीक्षेतले पाच-सहा शब्द फुकटात सुटतात. घरी मात्र मी एकटीच विद्यार्थिनी, आणि तीही मठ्ठ.

मला नेहमी एकच शंका यायची. शब्द फोडून वस्तूचं नाव कळतं, पण ती वस्तू जे सांगते त्याचं पुढं काय करायचं? थर्मामीटर म्हणजे उष्णतेचं माप हे कळल्यानं कुणाचा ताप उतरलेला मी पाहिला नाही. असं म्हटलं की हे हसायचे. म्हणायचे, तुझा काय, सगळा अंदाजपंचे कारभार, मीठ बोटांनी आणि पाणी नजरेनं. ते खरंच आहे. मी एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी केली, तिथं सगळं कागदावर चोख ठेवलं, पण स्वयंपाकघरात कधी मापाचा चमचा वापरला नाही. माझे वडील कापडगिरणीत कारकून होते, आई त्यांच्या डब्यात मूठभर, चिमूटभर अशाच हिशेबानं स्वयंपाक भरायची, आणि ते डबे चाटूनपुसून रिकामे घरी यायचे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात अबोला सुरू झाला, म्हणजे मला तसं वाटलं. आमचं जेवणाचं टेबल लहान आहे. हे मधे बसतात आणि मी त्यांच्या डावीकडे, कारण तिथून ओटा जवळ पडतो. एवढ्या वर्षांची ती माझी जागा. मी आमटीची वाटी पुढं धरायची आणि हे आपले पोळी मोडत राहायचे. हात अवघडून यायचा. शेवटी वाटी आपटून ठेवली की दचकून म्हणायचे, अगं, सांगायचं ना. मी काही बोलले की उत्तर ठरलेलं, ‘हं’. तेही अगदी बरोबर जागी, वाक्य संपता संपता. मान वळवून बघणं नाही.

एकदा मी परीक्षाच घेतली. भाचीचं लग्न जवळ आलं होतं. जेवताना मी ओट्यावरचं फरशी पुसायचं फडकं उचललं, त्यांच्या डाव्या बाजूला धरलं आणि विचारलं, ही साडी कशी आहे? हे ताटातून नजर न काढता म्हणाले, छान आहे गं, हीच नेस. मी ते फडकं परत बादलीत टाकलं आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, आणि त्याचा मला आणखी राग आला. नवरा म्हातारपणी बायकोकडे बघेनासा होतो असं मैत्रिणी म्हणायच्या. मला वाटलं, झालं, आपलाही नंबर लागला.

मग स्कूटरचा डावा आरसा फुटला. पेरूची हातगाडी मधे आली असं ह्यांचं म्हणणं. मी मागं बसले होते. हातगाडी रस्त्याच्या कडेला उभीच होती, आणि पेरूवाला इंदुरी थाटात, शांतपणे म्हणाला होता, ‘भिया, मैं तो सुबह से यहीं खड़ा हूँ.’ हे त्याच्यावर चिडले, मग महापालिकेवर, मग ट्रॅफिकवर. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत दाराचं उघडं फळकूट त्यांच्या डाव्या कपाळाला लागलं. तेव्हा मी म्हटलं की चष्म्याचा नंबर बदलला असणार, आणि ओढतच त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

चष्म्याचा नंबर जवळजवळ तोच निघाला. पण डॉक्टरबाईंनी यंत्रातून डोळ्याच्या आत बघितलं, पुन्हा बघितलं, आणि विचारलं की घरात कुणाला काचबिंदू होता का. ह्यांच्या वडिलांना शेवटी दिसत नव्हतं, पण त्याला सगळे वय झालंय असंच म्हणायचे. बाईंनी चिठ्ठीवर तीन तपासण्या लिहिल्या: टोनोमेट्री, पॅकीमेट्री आणि पेरीमेट्री. मी चिठ्ठी दोनदा वाचली, काही कळलं नाही. ह्यांचा चेहरा मात्र दिवाळी अंकात नाव छापून आल्यासारखा उजळला.

बाहेरच्या बाकावर, नंबरची वाट बघत बसलेल्या लोकांच्या देखत, त्यांनी मला तिन्ही शब्द फोडून दाखवले. टोनॉस म्हणजे ताण, आणि बघ, आपला ताण आणि त्यांचा टोनॉस एकाच कुळातले. म्हणजे डोळ्यातला दाब मोजणार. पॅकीस म्हणजे जाड, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पापुद्र्याची जाडी मोजणार. आणि पेरी म्हणजे भोवती, आपलं परि तेच, परिक्रमेतलं, परिघातलं. शेजारचे एक गृहस्थ मान डोलावून ऐकत होते. मी शाळेत परिमिती शिकले होते, शेताला कुंपण घालायला तार किती लागेल ती. त्यामुळे मला वाटलं, डोळ्याला गोल फीत लावून मोजतात की काय. असं विचारल्यावर हे जरा अडखळले आणि म्हणाले, तसंच काहीतरी असेल.

दाब मोजला, तो बरोबर निघाला. मी सुटकेचा श्वास टाकला. मग जाडी मोजली, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या की पापुद्रा पातळ आहे, त्यामुळे यंत्र दाब कमी दाखवतं, खरा दाब जास्त धरायला हवा. म्हणजे बरोबर आलेला आकडा बरोबर नव्हता. मी विचारलं, मग खरा किती? त्या म्हणाल्या, असा एक आकडा सांगता येत नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. ज्यांना दोन्ही शब्दांची मुळं ठाऊक होती तेही छताकडे बघत होते. माझ्या डोक्यात तेव्हापासून जो गुंता झाला तो अजून पुरता सुटलेला नाही.

राहिली पेरीमेट्री. डॉक्टरबाई म्हणाल्या की सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. डोळ्याच्या भोवतालचं किती दिसतं आणि किती गेलं, ते तीच तपासणी सांगेल. ते बघूनच औषध, स्कूटर, सगळं ठरवता येईल. त्या दिवशी त्यांना गावाला जायचं होतं, म्हणून ही तपासणी उद्या येऊन करा, कागद घ्या आणि पुढच्या आठवड्यात दाखवा असं ठरलं.

ती खोली अंधारी होती. मला कोपऱ्यात स्टुलावर बसू दिलं. एक पांढरं, मोठ्या परातीएवढं खोलगट यंत्र, त्यात हनुवटी टेकवून बसायचं. एका डोळ्यावर पट्टी. समोरच्या पिवळ्या ठिपक्याकडे एकटक बघायचं आणि कडेला कुठंही बारीक लाइट चमकला की हातातलं बटण दाबायचं. तिथली मुलगी समजावून सांगत होती, ‘अंकलजी, लाइट दिखे तभी दबाना है. कई बार नहीं दिखेगी, टेंशन नहीं लेना.’ हे म्हणाले, समझ गया बेटा, मैं भी टीचर हूँ.

मला लाइट दिसत नव्हते, फक्त आवाज येत होते. यंत्र आतून कुर्र करायचं आणि लगेच ह्यांचं बटण वाजायचं, टक. कुर्र, टक. कुर्र, टक. शिलाई मशीन लागावं तसं चाललं होतं. मी मनात म्हणत होते, वा, सगळं दिसतंय. डावा डोळा झाला, उजवा झाला, कुठंही खंड नाही. बाहेर आल्यावर मुलीनं कागद दिला. त्यावर दोन गोल चित्रं होती आणि दोन्ही जवळजवळ पांढरीस्वच्छ. भिंतीवर नमुन्याचं चित्र लावलं होतं, त्यात आजारी डोळा काळा दाखवला होता. म्हणजे पांढरं ते चांगलं, एवढं मलाही कळलं. मुलगी मात्र डॉक्टर मॅडमना दाखवा एवढंच म्हणाली.

आता इथं मला खजरान्याचं सांगायला हवं. खजराना गणपतीच्या देवळात मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढून नवस बोलायची रीत आहे. इच्छा पुरी झाली की परत जाऊन सुलटा काढायचा. आम्हां इंदूरवाल्यांच्या अर्ध्या नोकऱ्या आणि निम्मी लग्नं त्या भिंतीवर जुळलेली आहेत. चिठ्ठीवर तीन तपासण्या लिहून मिळाल्या त्याच संध्याकाळी मी जाऊन उलटा काढून आले होते. मागितलं होतं ते असं की रिपोर्ट चांगला येऊ दे. हे नेहमीप्रमाणे हसले होते. आणि पांढरा कागद हातात पडल्यावर दुसऱ्याच सकाळी मी पुन्हा गेले, कुंकवात बोट बुडवून सुलटा काढला, बाहेरून लाडू घेतले आणि शेजारीपाजारी वाटले. ह्यांनीही दोन खाल्ले. फुटक्या आरशाच्या जागी नवा बसवून घेतला.

आठवड्यानं डॉक्टरबाईंनी तो कागद बघितला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं, चष्मा विसरल्या असतील. त्या म्हणाल्या की हे चित्र गरजेपेक्षा जास्त पांढरं आहे, इतकं पांढरं कुणाच्याच डोळ्याचं येत नाही. यंत्र मुद्दाम मधे मधे नुसता आवाज करतं आणि लाइट दाखवत नाही, माणूस काय करतो ते बघायला. ह्यांनी तेव्हाही बटण दाबलं होतं, पुन्हा पुन्हा. आणि आतली नस तर सुकलेली दिसते आहे. म्हणून हा कागद धरता येणार नाही, तपासणी परत करायची.

माझा पुरता गोंधळ उडाला. पांढरं चांगलं म्हणायचं आणि फार पांढरं वाईट. न दिसणं हा आजार, आणि नसलेलं दिसणं ही फसवणूक. दाब बरोबर पण चुकीचा, चित्र स्वच्छ पण खोटं. मी डॉक्टरबाईंना हात जोडून म्हटलं, ‘मॅडम, एक बात बता दीजिए, इनको दिखता है कि नहीं दिखता?’ त्या म्हणाल्या, ‘ये तो अंकल ही बता सकते हैं.’

घरी येताच हे भडकले. यंत्र जुनं आहे म्हणाले, दवाखान्याला परत परत तपासण्या करायच्याच असतात म्हणाले, आणि मी पुन्हा त्या परातीत डोकं घालणार नाही असं सांगून स्कूटर काढून कोचिंगला निघून गेले. मी दारात उभी होते. कोपऱ्यावर वळताना ते डावीकडच्या सायकलवाल्याच्या इतके जवळून गेले की मी डोळे मिटून घेतले. त्या दिवसापासून रोज ते घरी येईपर्यंत माझं कशातच लक्ष लागेना. मी समजावलं, रडले, रागावले. बोलायचं नाही असंही ठरवून पाहिलं, पण तो उपाय ह्यांच्यावर चालत नाही हे फडक्याच्या वेळीच कळलं होतं.

रविवारी सकाळी हे घरून ऑनलाइन वर्ग घेतात. त्या रविवारी मी पोह्यांची बशी घेऊन खोलीच्या दाराशी गेले, तर आत शब्द संपून परीक्षेच्या युक्त्या चालू होत्या. हे मुलांना सांगत होते, ‘बेटा, निगेटिव मार्किंग नहीं है, तो एक भी सवाल खाली मत छोड़ना. आता हो, न आता हो, गोला भर दो. खाली छोड़ा तो पक्का ज़ीरो. भर दिया तो कम से कम उम्मीद है.’ हे मी हजार वेळा ऐकलं असेल. ह्यांचं सगळं आयुष्य ह्या एका वाक्यावर उभं आहे, आणि किती मुलांना त्यानं नोकरीला लावलं असेल. पण त्या दिवशी मला एकदम त्या अंधाऱ्या खोलीतला आवाज ऐकू आला, कुर्र, टक. मी तशीच दाराशी उभी राहिले आणि वर्ग संपल्यावर आत गेले.

“अहो, एक विचारू? तिथं मशीनमध्ये पण तुम्ही हेच केलं ना?”

“काय हेच?”

“खाली सोडायचं नाही ते.”

हे पोह्यांवरची शेव बोटानं इकडून तिकडे करत राहिले. मला वाटलं, आता मशीनचा दोष सांगतील. पण म्हणाले, “अगं, आतून कुर्र आवाज यायचा. मतलब लाइट येणारच. मला नाही दिसला तरी आला असेलच ना कुठंतरी. मग दाबलं.”

“म्हणजे दिसत नव्हता.”

“डाव्या डोळ्यानं तर बहुतेक नाहीच. सुरुवातीला मी थांबलो थोडा. मग इतके खाली जायला लागले की घबराटच झाली. वाटलं, एवढे ब्लँक सोडले तर फेलच करतील.”

“कोण करणार फेल?”

पोह्यांची बशी बाजूला सारून म्हणाले की स्कूटर बंद करतील, मग कोचिंग बंद होईल, वडिलांसारखं खुर्चीत बसून राहावं लागेल, कुणी हाताला धरून नेईल तेव्हा उठायचं. मला खरं तर राग यायला हवा होता. लाडू वाटले होते मी. पण राग आला नाही, भीती वाटली, आणि तीसुद्धा डोळ्यांच्या काळजीपेक्षा वेगळीच. एवढी भीती हा माणूस इतके महिने एकटा घेऊन फिरत होता, आणि मी त्याला अबोला समजत होते.

दुसऱ्या वेळी जाताना आम्ही ई-रिक्षानं गेलो. स्कूटर घेऊ नका असं मी म्हटलं नाही, त्यांनीच किल्ली खिळ्यावर तशीच ठेवली. अंधाऱ्या खोलीच्या दाराशी मी एवढंच म्हटलं, “नाही दिसलं तर दाबू नका. बस. मी इथंच आहे.” ते आत जाऊन बसले. पट्टी बांधली, हनुवटी टेकवली.

कुर्र. काही नाही. कुर्र. काही नाही. कुर्र, टक. मग पुन्हा कुर्र, आणि शांतता. कुर्र, शांतता. मी स्टुलावर पदराचं टोक मुठीत धरून बसले होते. प्रत्येक शांतता म्हणजे तिथं एक लाइट चमकून गेला होता आणि ह्यांना तो दिसला नव्हता. मधे एकदा इतका वेळ बटण वाजलं नाही की माझंच बोट हलायला लागलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, दाबा एकदा, काय होतं त्यानं. ज्या माणसाला मी न दाबायला सांगून आत पाठवलं होतं, त्यानं दाबावं म्हणून मी देवाचा धावा करत होते. ह्यांच्या पाठीकडे बघितलं तर शर्ट घामानं चिकटला होता, पण अंगठा हलत नव्हता.

दिवा लागला तेव्हा मी डोळे पुसून घेतले. मुलीनं कागद काढला. डाव्या डोळ्याच्या चित्राचा बराचसा भाग काळा होता, उजव्याचाही नाकाकडचा कोपरा. आणि ती मुलगी मनापासून हसून म्हणाली, ‘आंटी, अंकलजी ने इस बार बहुत अच्छा किया.’ तिच्या हसण्यात खोट नव्हती. तपासणी चांगली झाली होती आणि डोळे वाईट निघाले होते. मी तिला थँक्यू म्हटलं. ते कशाबद्दल म्हटलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

डॉक्टरबाईंनी ह्या वेळी काही आडपडदा ठेवला नाही. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळता येतं. रोज झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, जन्मभर. स्कूटर बंद. कोचिंगला हरकत नाही, समोरचं चांगलं दिसतं आहे. हे सगळं शांतपणे ऐकत होते. बाईंनी चित्रावरून बोट फिरवत सांगितलं की दोन्ही डोळे मिळून तुमच्या डाव्या बाजूला, इथं इथं, दिसत नाही. तुम्हाला तिथं अंधार वाटत नसेल, कारण मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगानं भरून टाकतो. हे म्हणाले, म्हणजे मेंदू पण गोला भरतो. बाईंना ते कळलं नाही.

परत येताना मी रिक्षावाल्याला खजरान्याकडे घ्यायला सांगितलं. आता मला कोडं पडलं होतं. मी उलटा काढला होता, मग सुलटा काढला होता, आणि नवस तर पुरा झालाच नव्हता. सुलटा पुसायचा का? भिंतीवर त्याच्यावर आणखी किती स्वस्तिक चढले होते, माझा कुठला तेच सापडेना. दूर्वा विकणाऱ्या बाईला विचारलं तर ती सुतळी गुंडाळता गुंडाळता म्हणाली की पुराना जाने दो दीदी, नया बना दो. हे जवळच उभे होते, पण हसले नाहीत. मी नवा उलटा काढला. पण मागायचं काय ते कळेना. रिपोर्ट चांगला येऊ दे म्हणून एकदा मागून झालं होतं आणि तो आलाही होता. शेवटी म्हटलं, आहे तेवढं राहू दे. मग आम्ही प्रदक्षिणा घातली. मी सवयीनं त्यांच्या डावीकडून चालत होते, आणि वळणावर ते दोनदा थांबले, मी मागं राहिले की काय ते बघायला.

रात्रीच्या जेवणाला मी माझ्या नेहमीच्या जागी बसले. आमटी वाढली, आणि वाटी हातात घेऊन डाव्या बाजूनं पुढं धरली, नेहमीसारखीच. मला काही परीक्षा घ्यायची नव्हती, हात आपोआप गेला. हे पोळी मोडत होते. मी काही बोलले नाही. मग त्यांचा हात थांबला. माझ्या लक्षात आलं की माझ्या गप्प बसण्यानं त्यांना काहीतरी कळलं होतं.

“काही धरलंय का तू?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“काय?”

“तुम्ही सांगा.”

एरवी ते म्हणाले असते, आमटी असणार, दुसरं काय, आणि बरोबर ठरले असते. छान आहे, म्हणाले असते. आमटीचा वास तर त्यांच्या नाकापर्यंत गेलाच असेल. पण मान न वळवता, ताटाकडे बघत, पहिल्यांदाच ते म्हणाले, “नाही दिसत गं.”

मी वाटी त्यांच्या ताटाजवळ ठेवली. माझं ताट उचललं आणि त्यांच्या उजवीकडे जाऊन बसले.